लिंक डाउन आहे

ऑनलाइनचं कौतुक मला तरी सांगू नका. धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या अ‍ॅडमिशनचा शेवटचा दिवस, आणि जातीचा दाखला अडकलेला. अंबरनाथच्या एका सरकारी इमारतीत तळमजल्यावरचं खातं कागद तपासायचं, दुसऱ्या मजल्यावरचं खातं दाखला छापायचं. दोन्ही खाती कॉम्प्युटरने जोडलीत, असा भला मोठा बोर्ड दारातच.

खालचे क्लार्क म्हणाले, "तुमची माहिती तयार आहे, पण वर जात नाही. लिंक डाउन आहे."

वरच्या मॅडमनीही तेच सांगितलं. दोन तास बसून शेवटी मी खाली येऊन विचारलं, "साहेब, लिंक येणार कधी?"

"सोमवारी. मोरिवलीला त्याच्या पुतणीचं लग्न आहे."

लिंक म्हणजे दत्ताराम शिपाई. खालच्या कॉम्प्युटरची फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून तो वर नेऊन द्यायचा.

मी म्हटलं, "मग द्या इकडे, मी नेतो. दोन तर जिने आहेत."

"असं कसं? बाहेरचा माणूस सिस्टीममध्ये घेता येत नाही."

रिक्षा केली, मोरिवलीचा मांडव गाठला आणि दत्तारामला हळदीच्या कपड्यांतच उचलून आणला. पाच मिनिटांत दाखला हातात.

पुढच्या वर्षी त्याच ऑफिसला वेगवान सेवेचं बक्षीस मिळालं. एवढं काय सुधारलं म्हणून मी मुद्दाम बघायला गेलो. दत्तारामचं स्टूल जिन्याच्या पायथ्याशी आणून ठेवलं होतं.