मिरचीबाजाराचा खकाणा

१९६६ साल. नंदुरबार स्टेशनच्या बाकावर प्रमिलाबाई सुरतेच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी कॉलेजातले टिपणीस सर आणि त्यांचा बी.एस्सी.चा विद्यार्थी मगन येऊन टेकले. मगनच्या मांडीवर हवेतली धूळ टिपायला व्हॅसलीन फासलेल्या काचपट्ट्यांची पेटी होती; ती सुरतेच्या प्राध्यापकांना दाखवायची होती.

"सर, बाजारातल्या मिरचीचा खकाणा दवाखान्यापर्यंत पोचतच नाही, असं तुम्ही म्हणाला होतात."

"नाहीच पोचत."

"दवाखान्याच्या पत्र्यावरची पट्टी लाल झालीय."

"कोणी शिंकलं असेल. पुसून टाक."

"लाल शिंकलं, सर?"

प्रमिलाबाईंनी हसू पदराआड दाबलं.

"सुरतेच्या प्राध्यापकांपुढे माझी शोभा करणार आहेस का?"

"दोन महिने मी त्या पत्र्यावर चढलो, सर. खाली दम्याची माणसं खोकत असतात." मगनचा आवाज चढला आणि घरची बोली बाहेर आली. "ती पट्टी मी पुसाव नही!"

सरांनी खिशातलं पेन काढून मगनपुढे धरलं.

"मग लिही. टिपणीसांचा अंदाज चुकला."

"नाव घालू?"

"पदवीसकट घाल. आणि 'चुकला'मधला चु ऱ्हस्व काढ, गाढवा. तेवढं तरी बरोबर येऊ दे."