आईच्या चुलीमागची खिडकी

आमचं गाव मसुऱ्याकडचं. बाबा चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीवर कामाला, संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांपासून पायांपर्यंत लाल, आणि काय सांगू तुम्हाला, ज्या माणसानं काढलेल्या चिऱ्यांची गावोगाव घरं झाली त्याचं स्वतःचं घर मात्र मातीचं, पावसाच्या अंगाला विणलेल्या झावळ्या बांधलेलं. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. आई धुरात खोकत भात शिजवायची, तांदूळ निवडायला मात्र बाहेर पडवीत यायची, कारण आत काही दिसायचंच नाही.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, हे मी अभिमानानंच सांगते. दादा सातवीतून शाळा सोडून देवबागला होडीवर गेला, मी बीएस्सीला, फिजिक्स घेऊन. बाबांनी आपल्या पोरीबद्दल गावभर सांगून ठेवलेलं, आमचा चेडू मास्तरीण होतला.

तर शेवटच्या वर्षी सुट्टीत घरी आलेले, आणि मला वाटलं, गरम हवा वर जाते हे आपण पेपरात लिहितो, मग आईनं धूर का खायचा? बाबा म्हणायचे भिंतीला भोक पाडलं तर भिंत बसेल. ते खाणीवर गेले तसं मी शेजारच्या काकाला मदतीला घेतलं आणि चुलीमागे, वाशांच्या जरा खाली, खिडकीएवढी माती काढली. संध्याकाळी बाबा आले, खिडकीकडे बघितलं, परसात जाऊन फणसाची फळी आणली आणि वरच्या बाजूला आधाराला बसवली. दुसऱ्या दिवशी आई आतूनच म्हणाली, बाय गो, माका हयसून तांदळातलो खडो दिसता.

त्या एका वाक्यानं माझं डोकं फिरलं म्हणा. घरं आखायचंही शिक्षण असतं हे कॉलेजातल्या सरांनी सांगितलं, प्रवेश परीक्षा दिली, पास झाले. बाबांना सांगितलं तर जेवता जेवता त्यांचा हात थांबला. मियां जल्मभर चिरे काढले ते तू चिऱ्यात जावचा नाय म्हणान, आनी तू परत थयच जातलंस? एवढंच बोलले. नको म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत.

मी गेले कोल्हापूरला. दिवसा कॉलेज, संध्याकाळी दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवायचं, म्हणजे बाबांची मास्तरीण मी तशी झालेच. पण मनात एकच, बाबा हो कधी म्हणतील. गावात कुणी विचारलं चेडू काय करता, की बाबा म्हणायचे, शिकता. तिसऱ्या वर्षी शिकता, पाचव्या वर्षी शिकता. दुकानावरचे तात्या म्हणाले, अरे, तेची पुस्तकां अजून संपाक नाय? बाबा हसले नाहीत. आर्किटेक्ट हा शब्द त्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

कोर्स झाला, नोकरी केली, मग घर नव्यानं बांधायचं ठरलं, नकाशा मी काढला. आमच्याकडे कामाला हात घालण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात, घरातला मोठा माणूस बोलतो आणि बाकीचे होय म्हाराजा म्हणतात. पहिला चिरा बसवायच्या वेळी वाडीतली सगळी जमलेली, तात्यासुद्धा. बाबांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरुवात केली, बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां हय घर बांधूक लागली आसत. होय म्हाराजा. मग ते थांबले. मला वाटलं विसरले. तर म्हणतात, ह्या घराचो नकाशो माझ्या चेडवान काढलो आसा. ता आर्किटेक्ट आसा. तेच्या हाताक यश दी रे म्हाराजा.

होय म्हाराजा, सगळी वाडी म्हणाली. तात्यांचा आवाज सगळ्यात मोठा.

आता कुडाळला माझं छोटं ऑफिस आहे, दारावर नावाची पाटी आहे. देवाच्या दयेनं कामं येतात. आमचं घर चिऱ्याचं झालं, ते मी आखलं. आणि आई तांदूळ आत बसून निवडते.