चौकटीबाहेरचा अंगठा

(दहिवलीतला एक हॉल, दुपारची वेळ. भिंतींवर फोटोंच्या चौकटी. उद्या प्रदर्शनाचं उद्घाटन. खालापूरकडच्या गावातून द्वारका आणि तिचा चुलतसासरा तात्या आलेत. बायकांच्या हाती कॅमेरे देऊन त्यांच्या दुखण्यांचा अभ्यास करणारी ईशानी स्टुलावर चढून चौकट सरळ करतेय.)

तात्या : …तर तो चिंबोरा व्हता टेंपोच्या टायराएवढा. मी उल्हास नदीत गुडघाभर उतरलो, त्यानं नांगीत माझा हा अंगठा धरला आन् म्हणाला, नख ठेव नायतर हात ठेव. म्हटलं, घे बाबा नख. तवापासून अर्धंच हाय. बघून घ्या, ईशानीताई. असलं वाकडं नख उभ्या रायगडात दुसरं नाय.

ईशानी : तात्या, मागच्या खेपेला वाघ होता.

तात्या : वाघ डाव्या हाताचा.

ईशानी : डावा हात तर अख्खा आहे तुमचा!

तात्या : वाघ भला व्हता. चिंबोऱ्याला कसली माया?

द्वारका : तात्या, गप रावा. ईशानीताई, खाली उतरा.

ईशानी : आले, आले. बघितलंत का? ही अख्खी भिंत तुमची, द्वारकाताई. बाकीच्यांना इतकी जागा नाही दिली. कसे वाटले?

द्वारका : चूल माझी हाय. नळावरची कळशी माझी. गोठ्याचं कवाड माझं. फोटू माझे नायत.

ईशानी : म्हणजे?

द्वारका : माझा अंगठा कुठं हाय?

ईशानी : ते… क्रॉप झालं ना.

द्वारका : काय झालं?

ईशानी : कडा कापल्या गेल्या. छापताना.

द्वारका : आपल्या आपण?

ईशानी : नाही. सुप्रिया मॅडम म्हणाल्या… माझ्या गाईड, मुंबईच्या. त्या म्हणाल्या, दर फोटोत कोपऱ्यात बोट आलंय, लोकांना वाटेल बाईला कॅमेरा धरता येत नाही. आणि ते बोट जरा…

द्वारका : बोला की.

ईशानी : घाण दिसतं, म्हणाल्या.

द्वारका : घाण. शेणात घातलेला अंगठा, राखेनं भांडी घासलेला अंगठा. घाणच दिसायचा. पण तुमाला मी सांगितलं व्हतं ना? कॅमेरा हातात दिलात त्या दिवशीच, समद्या बायांसमोर? काय सांगितलं व्हतं?

ईशानी : सांगितलं होतं तुम्ही.

द्वारका : काय, ते सांगा.

ईशानी : की तुम्ही मधेच जाता. अंग इथेच असतं, तुम्ही नसता. परत आल्यावर मधलं काही आठवत नाही. म्हणून फोटो काढताना अंगठा मुद्दाम काचेपुढे आणणार. नंतर फोटोत अंगठा दिसला की कळतं, हा काढताना मी जागेवर होते.

द्वारका : पाठ हाय की तुमाला! पाठ असून कापलात?

ईशानी : मी मॅडमना बोलले होते, द्वारकाताई. खरंच. एकदा बोलले.

द्वारका : एकदा.

तात्या : फोटूवाल्यांची जातच तशी गं. माझ्या लग्नात पेणचा फोटूवाला आणला व्हता. फोटू आले, तर नवऱ्याला मुंडकंच नाय! तुझी चुलतसासू मरेस्तवर म्हणायची, फोटूतला तोच नवरा ऱ्हायला असता तर बरं झालं असतं, बडबड तरी वाचली असती.

द्वारका : तात्या, मला आज हसायचं नाय. ताई, ह्या चुलीच्या खाली काय लिवलंय?

ईशानी : ते शीर्षक आहे. ‘धुरात हरवलेली मी’.

द्वारका : कोण हरवलं? तांदळाची भाकरी टाकायची व्हती, लाकडं ओली व्हती, मी फुंकणीनं फुंकत व्हते. पुरी जागेवर व्हते मी. तो दिवस चांगला गेला म्हणून फोटू काढला. शी! माझ्या भाकरीवर हे असलं कुणी लिवलं? आन् हा वास कसला मारलाय हितं?

ईशानी : रूम फ्रेशनर आहे. पाहुणे येणार ना उद्या.

द्वारका : मढ्याला अत्तर फासतात तसला. उद्या पाहुणे येतील, वडे खातील, तेलकट बोट करून दाखवतील, हीच का ती मार खाणारी, बिचारी. आन् वडा खाली पडला तर त्याच्यासाठी जास्त हळहळतील.

ईशानी : असं नका म्हणू. लोकांना समजावं म्हणूनच तर सगळं…

द्वारका : तो कापडाखाली मोठा कुठला हाय?

ईशानी : तो मुख्य फोटो. उद्या पाहुण्यांच्या हस्ते उघडायचाय.

तात्या : ऱ्हाऊ दे गं. उद्याचं उद्या. चल, टमटम निघंल.

द्वारका : तुमाला कवापासून टमटमची घाई? दोन टमटमा सोडून चिंबोरा पुरा करता तुमी.

तात्या : द्वारके, नको ओढू ते.

ईशानी : थांबा, चौकट पडेल…

द्वारका : …ही कोण?

ईशानी : तुम्हीच.

द्वारका : ही? तोंड उघडं, पदर खाली. डोळे बघा, बाजारातल्या शिळ्या मासळीचे. हिच्या ओठाला काय हाय, लाळ? शी. शी! झाका ते आदी.

ईशानी : बसा, बसा इथे. पाणी आणते.

द्वारका : पाणी नको. कुणी काढला हा?

ईशानी : तुम्हीच ना? तुमच्याच कॅमेऱ्यात होता. कॅमेरा दगडावर ठेवून स्वतःचा फोटो कसा काढायचा ते शिकवलं होतं मी. मला वाटलं, तुम्ही धीर केलात. मॅडमना तर इतका आवडला… ‘स्वतःकडे पाहताना’, असं नाव दिलंय.

द्वारका : ह्या बाईच्या डोळ्यात कुणी हाय का बघायला? घर उघडं टाकून माणसं निघून गेलीत. मी नव्हते, ताई. हा पाट हाय आमच्या शेतामागचा, पाय पाण्यात हायत. मला हे काय आठवत नाय. मी नसताना माझ्या अंगासमोर कुणीतरी उभं व्हतं. उभं राहून बघत व्हतं. कोण व्हतं ते?

ईशानी : मला खरंच माहीत नाही.

द्वारका : तुमी नाव घातलंत. नाव घालायच्या आदी इचारायचं नाय?

ईशानी : विचारायला हवं होतं.

द्वारका : माझा नवरा, नागू, मला मारायचा तवा मी आढ्यावर जाऊन बसायची. सांगितलंय तुमाला. वरनं बघायची, खाली कुणा बाईला मारतायत, बिचारी. दारूनं नागूचं काळीज खाल्लं, तो गेला. आढं ऱ्हायलं. आता मारणारं कुणी नाय तरी जाते, नळावर, बाजारात, कुठंबी. आन् तो मारताना दार लावून घ्यायचा. अख्ख्या आळीला ऐकू जायचं. टीवीचा आवाज मोठा करायचे भडवे! एक माणूस दारात आलं नाय. एक नाय! आन् आता मी अशी भुसा भरल्यागत बसलेली असताना आले? फोटू काढायला आले?

तात्या : घरी चल, द्वारके.

द्वारका : तुमी का गप? उभ्या जगाच्या थापा येतात तुमाला. ह्या फोटूची नाय येत?

तात्या : येते की. पाटावर एक बगळा येतो बघ, पांढरा. तो शाळेच्या खिडकीत बसून शिकलेला. त्यानं काय केलं, चोचीनं बटान…

द्वारका : थू तुमच्या बगळ्यावर.

तात्या : बरं. बगळा नाय.

ईशानी : द्वारकाताई, एक मिनिट. लॅपटॉपवर मूळ फोटो आहे. न कापलेला.

द्वारका : मला ते तोंड पुन्हा नाय बघायचं.

ईशानी : तोंड नका बघू. मी झाकते हाताने. पण ह्याचाही कोपरा कापलाय, मीच कापलाय. ह्यातही बोट होतं.

द्वारका : माझं?

ईशानी : सगळ्या फोटोंत होतं, म्हणून ह्यात नीट बघितलंच नाही मी. सरसकट कापत गेले. हे बघा. खाली, उजवीकडे. मोठं करते.

द्वारका : …माझा नाय हा अंगठा.

ईशानी : नाही.

द्वारका : नख अर्धं हाय.

ईशानी : हो.

द्वारका : वाकडं.

ईशानी : उभ्या रायगडात दुसरं नाही असलं.

द्वारका : तात्या.

तात्या : टमटम निघंल गं.

द्वारका : जाऊ दे टमटम. तुमी माझा असला फोटू काढलात? सासऱ्याच्या जागी तुमी. असली बाई तुमी बघितलीत, वर फोटू काढलात?

तात्या : काढला.

द्वारका : लाज नाय वाटली?

तात्या : वाटली. पण तू दर वेळी परत आलीस की इचारतेस, तात्या, मी कुठं व्हते? मी सांगतो, पाटावर व्हतीस, मी शेजारी व्हतो, तुला काय झालं नाय. तू म्हणतेस, तुमच्या तोंडाला काय खरं हाय? बरोबर हाय तुझं. जन्मभर वाघ आन् चिंबोरे सांगितले, तर एकदाच खरं सांगितलेलं बाईनं का मानावं? कॅमेऱ्याचं डबडं तुझ्या पिशवीत व्हतं. म्हटलं, माझ्यावर नाय, फोटूवर तरी इश्वास ठेवल.

द्वारका : आन् अंगठा?

तात्या : तुझीच रीत. काढताना कोण व्हतं ते कळावं म्हणून.

द्वारका : मग दाखवला का नाय मला?

तात्या : काढल्यावर बघितला. तुला बघवला नसता. पुसून टाकावा म्हटलं, तर पुसायचं बटान सापडंना. पिशवीत ठेवून दिलं डबडं. मला काय ठाऊक, त्याला हितं गुलाबी कापड लावून बसवतील?

द्वारका : किती वेळ बसला व्हतात?

तात्या : तू येस्तवर.

ईशानी : द्वारकाताई, मी आत्ता शिळफाट्याला जाते. ओळखीचा छापणारा आहे तिथे. सगळे फोटो अंगठ्यासकट पुन्हा छापून आणते, खालची नावं काढून टाकते…

द्वारका : नको. पुन्हा छापाल, पुन्हा काय लिवाल. उतरवा समदे. पयल्या दिवशी म्हणाला व्हतात, फोटू तुमचे, पटलं नाय तर कवाबी परत न्या. नेते मी.

ईशानी : माझा सगळा अभ्यास ह्या भिंतीवर… उद्या सकाळी पाहुणे… मॅडमना काय सांगू मी?

द्वारका : सांगा, बाई घाण व्हती.

ईशानी : …नाही. ते नाही सांगणार. कापाकापी मी केली, तेच सांगेन. तात्या, हे स्टूल जरा धरता का? डुगडुगतं.

तात्या : धरतो की. माझ्या आज्यानं असंच एक स्टूल धरलं व्हतं, त्याच्यावर हत्ती चढला व्हता…

द्वारका : धरा मुकाट्यानं. ती कळशी आदी काढ, पोरी. मग चूल.

ईशानी : आणि हा मोठा? फाडू?

द्वारका : फाड. …थांब. हा फाड, पण त्या मशिनीतला असू दे. तो कोपरा हाय ना खालचा, तेवढाच छापून मिळतो का?

ईशानी : फक्त कोपरा?

द्वारका : तुला कापायला येतं ना? मग तोंड काप. अंगठा ठेव.

ईशानी : मिळेल. केवढा हवा?

द्वारका : आमच्या दाराच्या आतल्या बाजूला लागंल एवढा. परत आले की मला पयला दिसला पाहिजे.

तात्या : दाराला कशाला लावतेस? फडताळात ठेव.

द्वारका : का? दाराचं काय?

तात्या : काय नाय. ऊन लागतं. रंग उडंल.

द्वारका : आतल्या बाजूला कुठलं ऊन? तात्या, नख कशानं गेलं?

तात्या : चिंबोऱ्यानं. सांगितलं की आत्ताच.

द्वारका : आन् वाघ?

तात्या : वाघ चिंबोरा खायाला आला व्हता.

द्वारका : मला आढ्यावरनं एकदा दिसलं व्हतं. नागू दार लोटत व्हता आन् फटीत कुणाचीतरी बोटं व्हती. मग दार लागलं. मला वाटायचं, आढ्यावरनं दिसतं ते काय खरं नसतं.

ईशानी : तात्या, स्टूल हलतंय.

तात्या : धरलंय, धरलंय.

द्वारका : तात्या, चिंबोराच व्हता?

तात्या : चिंबोराच गं. लई ताकदीचा. मला एकट्याला उघडंना.