गाडीपाशी सांगितलेलं

कमला : मी तुला आत ये म्हटलेलं नाही अजून.

कांचन : म्हणूनच तर पायरीवर उभी आहे, काकू.

कमला : एरवी सरळ किचनमध्ये शिरून डबे उघडायचीस. आज काहून लाज वाटली?

कांचन : आज मला इथे यायचीच परवानगी नाहीये. तुम्ही हॅरिसबर्गला इन्शुरन्सच्या सरकारी ऑफिसात माझी कम्प्लेंट केलीत ना. एकदा कम्प्लेंट झाली की एजंटनं त्या कस्टमरला भेटायचं नाही, फोनसुद्धा करायचा नाही, असा रूल आहे. गाडी मागच्या गल्लीत लावून आलेय.

कमला : केली कम्प्लेंट. यांच्या बायपासचे टाके सुकले नाहीत तोवर तुझ्या कंपनीचं पत्र येतं, की तुम्ही फॉर्मवर आजार लपवलात, म्हणून पॉलिसी रद्द. म्हणे जानेवारीपासून अल्टूनाच्या डॉक्टरकडे हार्टचे उपचार चालू होते! अगं, अल्टूनाला कोण आहे आमचं? दुसऱ्याच कुणाचे तरी कागद यांच्या नावावर चिकटवलेत. आणि तो फॉर्म तू भरलास. तुझ्या हातानं.

कांचन : काकू, आत येऊ? समोरची मार्था पडदा सरकवून बघतेय.

कमला : ये. पण हळू बोल, वर झोपलेत ते. बस तिथे. मार्चमध्ये याच खुर्चीवर बसली होतीस, आठवतं? बॅग मांडीवर घेऊन म्हणालीस, "माझं नाव कांचन, मी अमुक कंपनीची एजंट, मी सरकारकडून किंवा मेडिकेअरकडून आलेली नाही." आमच्या घरात, मराठीतून! हे इतके हसले की बशीत चहा सांडला.

कांचन : ते म्हणावंच लागतं. बेलफाँटला म्हाताऱ्या बायकांच्या दारात म्हणते, तेच तुमच्याकडेही म्हटलं. ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी तेच शिकवतात. पूर्वी लोक सरकारी माणूस असल्याचं भासवून एकेका म्हातारीच्या गळ्यात ढीगभर पॉलिस्या मारायचे, म्हणून आता एवढे रूल झालेत.

कमला : मग तू काय वेगळी निघालीस? यांची जुनी पॉलिसी चांगली चालली होती. मेडिकेअरचा सरकारी विमा देऊन हॉस्पिटलचं जे बिल उरायचं ते सगळं ती द्यायची.

कांचन : जुनी सोडली तर काय गमवाल, तो कागद मी वाचून दाखवला होता, काकू. तो वाचल्याशिवाय नवी विकताच येत नाही.

कमला : हो, दाखवला होतास. आणि मीच मध्ये तोंड घातलं. म्हटलं, वाचत काय बसलीस, अन् तुम्ही द्या हो सही. सदुसष्ट साली आम्ही या स्टेट कॉलेज गावात आलो, तेव्हा मराठी बोलायला एक माणूस नव्हतं. वीस वर्षांनी तुम्ही नवराबायको आलात, तू आणि गुरुदत्त. त्याची युनिव्हर्सिटीतली नोकरी अजून पक्की नाही, पोरगी बर्फावाऱ्यात दारोदार फिरते, लोक तोंडावर दार आपटतात. मग आपल्याच घरातून तिला कसं नाही म्हणायचं? हे तयार नव्हते. मी गळ घातली. रात्रभर तेच डोक्यात फिरतं माझ्या.

कांचन : तुम्ही प्रेमानं केलंत ते.

कमला : प्रेमानं काय होतं? आता कुठली कंपनी घेईल यांना, छाती उघडून शिवलेल्या माणसाला? उद्या पुन्हा काही झालं तर घर विकायचं का? म्हणून तुझी कम्प्लेंट केली. जीव तुटला माझा, पण केली.

कांचन : बरोबर केलीत. उद्या हॅरिसबर्गच्या त्या ऑफिसात माझी जबानी आहे. तिथे सगळं सांगणारच आहे. पण ते तुम्हाला एखाद्या पत्रातून कळू नये, म्हणून रूल मोडून आले. काकू, अल्टूनाचा डॉक्टर खरा आहे.

कमला : काय म्हणालीस?

कांचन : ते कागद दुसऱ्या कुणाचे नाहीत. काका जातात त्याच्याकडे. जानेवारीपासून.

कमला : काहीतरी बोलू नकोस. ते कुठे जाणार? रिटायर झाल्यापासून एक गुरुवार सोडला तर घराबाहेर पडत नाहीत. गुरुवारी मासे पकडायला...

कांचन : काकू...

कमला : एकदासुद्धा मासा आणला नाही. मी चिडवायचे त्यांना. म्हणायचे, तुमच्या गळाला पाणीच लागतं वाटतं.

कांचन : पाणी देऊ तुम्हाला?

कमला : नको. तुला कसं माहीत, ते सांग.

कांचन : फॉर्मवरचा प्रत्येक प्रश्न मोठ्यानं विचारायचा असतो, ज्याची पॉलिसी त्यालाच. मी विचारलं, हार्टसाठी कधी उपचार घेतलेत का? काकांनी आधी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पोहे परतत होतात. मग म्हणाले, नाही. मी तसं लिहिलं. नंतर मला सोडायला गाडीपाशी आले. काचेवरचा बर्फ खरवडून देतो म्हणाले, आणि खरवडता खरवडता थांबले. बंपरवर बसले. खिशातनं गोळी काढून जिभेखाली ठेवली. मग सांगितलं मला.

कमला : तुला सांगितलं.

कांचन : "हिला कळता कामा नये" म्हणाले. हात जोडले हो त्यांनी माझ्यापुढे. माझ्या वडलांच्या वयाचा माणूस.

कमला : आणि तू गाडी चालू केलीस.

कांचन : हो. रूल अगदी सोपा आहे, काकू. फॉर्म पोस्टात पडेपर्यंत जे कानावर येईल ते त्यात लिहायचं. मग ते घरात कळो, नाहीतर रस्त्यावर. बेलफाँटची कुठलीही बाई असती तर मी तशीच उलट्या पावली आत गेले असते. इथे पाय उचलला नाही. वडीलधाऱ्या माणसाला खोटं पाडायचं, तेही तुमच्यासमोर, तुमचे पोहे खाऊन! आणि लिहिलं असतं तर झालं काय असतं? कंपनीनं नाही म्हटलं असतं, आणि त्यांची जुनी पॉलिसी राहिली असती. बस, एवढंच.

कमला : बुद्धपौर्णिमेला खीर खायला आलीस. माझ्या शेजारी बसलीस. तेव्हाही पोटात ठेवलंस?

कांचन : पॉलिसी घरी आल्यावर परत करायला दहा दिवस असतात. तोवर जुनीही बंद झाली नव्हती. मला वाटलं, काका तेवढ्यात तुमच्याशी बोलतील आणि परत करून टाकतील. घरी फोन वाजला की त्यांचाच असेल म्हणून मी धावायचे. मग ते दिवस निघून गेले, आणि मला तोंडच राहिलं नाही.

कमला : उद्या हे सगळं सांगून काय होणार?

कांचन : एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितल्यासारखंच धरतात. काकांनी सांगितलं होतं, मी लिहिलं नाही, म्हणजे दोष माझा. मग पॉलिसी रद्द करणं त्यांना जड जाईल, असं वकील म्हणाला. माझं लायसन्स मात्र जाईल.

(जिन्याचा कठडा धरून शंकरराव सावकाश खाली उतरतात.)

शंकरराव : त्याचा उपयोग नाही, कांचन.

कमला : तुम्ही कशाला उठलात? एकट्यानं जिना उतरायचा नाही म्हणून सांगितलंय ना!

शंकरराव : काल कंपनीच्या माणसाचा फोन आला होता. तू भाजी आणायला गेली होतीस. त्यानं विचारलं, एजंटला तुम्ही आजाराचं सांगितलं होतं का. मी म्हटलं, नाही. तिला काहीच माहीत नव्हतं.

कांचन : काका! असं कशाला सांगितलंत?

शंकरराव : तुझं लायसन्स गेलं असतं. नुकता कुठे जम बसतोय तुझा.

कांचन : आणि तुमचं काय?

शंकरराव : माझं काय राहिलंय? मी लपवलं, मी निस्तरीन. जन्मभर पूल बांधले, भार कुठे टाकायचा एवढं कळतं मला.

कमला : काही कळत नाही! त्या पोरीवर टाकलात भार. ही तुम्हाला वाचवणार, तुम्ही हिला वाचवणार, आणि मी मधल्या मध्ये घरात बसून साऱ्या जगाला पत्रं लिहितेय, की माझ्या नवऱ्याला कधी काही नव्हतंच. सहा महिने एका घरात राहून मला पत्ता नाही. मला का नाही सांगितलंत?

शंकरराव : पुरुषोत्तम गेल्यापासून तू...

कमला : माझ्या भावाला मध्ये आणू नका.

शंकरराव : आणावाच लागेल, कमल. तो असा झोपेत गेला, आणि तेव्हापासून तू रात्री उठून माझ्या नाकाशी हात धरतेस. श्वास चालू आहे का बघतेस. मी जागा असतो. तुला बरं वाटावं म्हणून झोपेचं सोंग घेतो, जरा मोठ्यानं श्वास घेतो. काही नसताना तुझी ही गत. खरंच काही आहे म्हटलं असतं तर तुझं काय झालं असतं?

कमला : म्हणजे माझ्यामुळेच झालं सगळं.

शंकरराव : मी तसं म्हटलं नाही.

कमला : तसंच आहे. जुनी पॉलिसी मी सोडायला लावली. आणि या घरात खरं बोलायची सोय मीच ठेवली नाही. कांचन, त्या कम्प्लेंटमध्ये काय लिहिलंय, वाचलंस?

कांचन : वाचलं. "आमच्या भाषेची असल्याचा फायदा घेऊन फसवलं."

कमला : मी मराठीत सांगितलं, रुपालीनं न्यूजर्सीहून इंग्रजी करून पाठवलं. पोरगी सांगत होती, आई, एवढं कडक नको लिहू. चुकलंच माझं, बाई.

कांचन : नाही काकू. भाषा एक होती म्हणूनच मी गप्प बसले. तुमच्या वाक्यात फार खोटं नव्हतं. काका, तुम्ही त्या माणसाला परत फोन करा आणि खरं सांगा. फक्त मी इथे असताना नको. संगनमत केलं म्हणतील.

शंकरराव : आणि तू इथे आली होतीस, हे विचारलं तर?

कांचन : हो म्हणणार. आता आणखी एक लपवून ठेवायची ताकद नाही माझ्यात.

शंकरराव : मग काही उरत नाही तुझ्या लायसन्सचं.

कांचन : नाही उरणार. गुरुदत्तला सांगून आलेय. वाईट वाटतंय, कशाला नाही म्हणू? आवडायचं मला ते काम. बेल वाजवली की छाती धडधडायची. मग कुणीतरी म्हातारी आत बसवायची, पॉलिसी राहायची बाजूला, नातवंडांचे फोटो दाखवायची. त्या घरांमध्ये माझं छान जमायचं. फार लवकर संपलं, काका.

कमला : जेवून जा.

कांचन : आज नको. आज खरंच जाऊ द्या.

कमला : मग समोरच्या दारानं जा. बघायचं त्यांना बघू दे.

कांचन : येते.

शंकरराव : गेली. माझ्यामुळे गेलं पोरीचं काम. चांगली होती ती त्यात.

कमला : बसा आधी. दम लागलाय तुम्हाला.

शंकरराव : त्या माणसाचा नंबर दे इकडे. त्यांचं ऑफिस बंद व्हायच्या आत बोलून घेतो. तू वर जाऊन पड जरा, तुला ऐकवणार नाही.

कमला : फोन ठेवा खाली.

शंकरराव : अगं, उशीर होईल.

कमला : सकाळी ऑफिस उघडलं की पहिला फोन तुमचा. मी स्वतः लावून देईन. पण डॉक्टरला कळलं, कांचनला कळलं, आता कंपनीलाही कळेल. त्याच्या आधी मला सांगा. मी रडणार नाही. रडले तरी तुम्ही थांबू नका.

शंकरराव : काय सांगू?

कमला : पहिल्यांदा कधी दुखलं?

शंकरराव : डिसेंबरात. रात्री.

कमला : मी कुठे होते तेव्हा?

शंकरराव : शेजारीच होतीस. नुकता डोळा लागला होता तुझा.