सुनंदा परत आली नव्हती

मंडळी, बसून घ्या. पास्टरजी, तुम्ही मागे का? पुढे या ना. माझी मुलगी तुमच्या शेजारी बसेल, मी काय बोलतोय ते हिंदीत सांगेल. मला आज मराठीतच बोलायचंय. घरच्यांपुढे खोटं याच भाषेत बोललो होतो.

मी सुनंदाचा थोरला भाऊ. तिला जाऊन आठ दिवस झाले. तेव्हापासून जो तो माझं सांत्वन करतोय, आणि मला मान वर करवत नाही. का, ते ऐका.

बारा वर्षांपूर्वी तिने बाप्तिस्मा घेतला. आईने रडून पाहिलं, मी ओरडून पाहिलं. ती ओरडली नाही, की बधलीही नाही. दर भाऊबीजेला यायची. म्हणायची, "दादा, ओवाळणार नाही, पण तुझ्यासाठी प्रार्थना करते." मी पाटावरून उठायचो आणि तडक इलाइट चौराहा गाठायचो. उगाच दुकानं बघत फिरायचो. ती आईशी बोलून, भांडी आवरून निघून जायची. मग मी घरी. असा मी भाऊ!

तिच्या आजारपणात मी हॉस्पिटलात तिच्याजवळ होतो. मनात एकच. तिला म्हटलं, "एकदा म्हण ना, चुकले म्हणून. कुणी काही विचारणार नाही."

ती म्हणाली, "दादा, मी रुसून गेले नव्हते रे, समजूत काढल्यावर परत यायला. मी येशूची आहे. तुझीही बहीण आहे. तुलाच दोन्ही एकत्र चालत नाही."

आणि म्हणाली, "मला आमच्या कब्रस्तानात ठेवा. एवढं करशील?"

मी हो म्हटलं. तिचा हात हातात घेऊन हो म्हटलं.

दोन दिवसांनी ती बेशुद्ध झाली. आत्याने गंगाजळ तिच्या ओठांना लावलं. ते ओघळून उशीवर गेलं. आत्या, तुझा दोष नाही, तू मायेने केलंस. पण मी खोलीबाहेर येऊन काय सांगितलं? "सुनंदाने मान हलवून गंगाजळ घेतलं. शेवटी ती आपल्यात परत आली." काकांनी मला मिठी मारली. बबीनाहून आलेले मामा म्हणाले, घराण्याची लाज राखलीस.

ती गेल्यावर, पास्टरजी, तुम्ही तिला न्यायला दारात आलात. तुम्हालाही मी तेच ऐकवलं. तुम्ही एकदाच विचारलंत, "भैया, उन्होंने खुद कहा?" मी हो म्हटलं. तुम्ही मान खाली घालून गेलात. आणि आम्ही तिचं दहन केलं. मी स्वतः अग्नी दिला.

मंडळी, तिने मान हलवली नव्हती. ती परत आली नव्हती. तिला यायचंच नव्हतं. बारा वर्षं आम्ही सगळे मिळून जे मोडू शकलो नाही, ते मी ती बेशुद्ध असताना मोडलं. याला काय म्हणायचं? लाज वाटते, एवढंच सांगता येतं.

काका, उठू नका. दोनच वाक्यं राहिलीत.

अस्थी अजून घरी आहेत. उद्याचं विसर्जन होणार नाही, दहावाही होणार नाही. पास्टरजी, जे उरलंय ते तरी तिच्या जागी जाऊ दे. तुमच्या रीतीत बसत असेल तर उद्या सकाळी मी कब्रस्तानात घेऊन येतो. वर तिचं नाव आणि क्रूस असू द्या. घरचं कुणी येवो न येवो, मी येणार.

आता दोन मिनिटं उभे राहूया. तिच्या आत्म्याला शांती लाभो, असं मी म्हणणार नाही. शांती तिच्यापाशी होती. पास्टरजी, आज गप्प राहू नका. तिच्यासाठी तुम्ही करता ती प्रार्थना मोठ्याने करा. मला ती येत नाही. मी फक्त उभा राहतो, आणि या वेळी बाहेर जात नाही.