ऐकणाऱ्याची सही

(कान-नाक-घसा विभागातली अभ्यासाची छोटी खोली. टेबलावर एक जाड वही आणि प्लास्टिकचा घसा.)

वहीवाली : ते ठीक आहे काका, पण पंधराव्या पानापासून पुढे ऐकणाऱ्याची सहीच नाही.

मिस्त्री : नाही.

वहीवाली : काकू विसरल्या का? चौदा पानांवर कशी ठसठशीत सही आहे. पुढे शहात्तर पानं नुसतं शून्य. आणि हे शून्यही त्यांच्या हातचं वाटत नाही.

मिस्त्री : माझं आहे.

वहीवाली : काका, पहिल्या दिवशी याच खोलीत तुम्हा दोघांना सांगितलं होतं. घोरणाऱ्याने जिभेचे आणि घशाचे व्यायाम करायचे, ऐकणाऱ्याने वही भरायची. आपण किती घोरलो हे झोपलेल्या माणसाला कसं कळणार?

मिस्त्री : वहीत तसं विचारलेलं नाही. वर छापलंय ते वाचा. ‘काल रात्री घोरण्याचा ऐकणाऱ्याला किती त्रास झाला? शून्य ते दहा.’ ऐकायला कोणी नव्हतं. त्रास कोणाला झाला नाही. शून्य.

वहीवाली : कोणी नव्हतं म्हणजे? काकू गावाला गेल्यात का?

मिस्त्री : वारली ती. पंधराव्या दिवशी सकाळी. हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले. तुमचे नाही, दुसरे.

वहीवाली : काका...

मिस्त्री : तुम्ही आधी बसा. खुर्ची मागे आहे, थोडी डावीकडे.

वहीवाली : मी दर पाच दिवसांनी फोन करत होते. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत.

मिस्त्री : तुम्ही विचारायचात, वही भरताय ना? भरत होतो. आकडा काय? शून्य. मग तुम्ही म्हणायचात, अरे वा. समोरून ‘अरे वा’ आल्यावर माणसाने पुढे काय सांगायचं?

वहीवाली : पण मग वही तिथेच थांबवायची होती.

मिस्त्री : तिने पहिल्याच दिवशी नव्वद दिवसांची सही केली होती. चाळीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त केले, अर्धा खोललेला पंप टाकून मी कधी घरी आलो नाही.

वहीवाली : आणि व्यायाम?

मिस्त्री : रोज. सकाळी सात, संध्याकाळी सात. जीभ टाळूला वीस वेळा, जीभ बाहेर वीस वेळा, मग तो लांब ‘आ’. आधी ती मोजायची. तिला हसू आलं की आकडा चुकायचा आणि मला पुन्हा पहिल्यापासून जीभ काढावी लागायची. आता खिडकीच्या काचेत बघून करतो. समोर एक पेन्शनर राहतात. त्यांनी आठवडाभर माझ्याकडे टक लावून बघितलं. आठव्या दिवशी त्यांनीही जीभ काढून दाखवली.

वहीवाली : भांडण झालं?

मिस्त्री : नाही. आता रोज दोघं मिळून करतो. त्यांचा ‘आ’ माझ्यापेक्षा लांब जातो. त्यांना घ्या तुमच्या अभ्यासात.

वहीवाली : काका, हसवू नका. मी अडचणीत आहे. डॉक्टर कुठल्याही क्षणी आत येतील आणि त्यांनी तुमचा...

डॉक्टर : हेच का आपले शून्य? या, या, हात द्या. किती दिवस म्हणतोय मी, या माणसाला एकदा डोळे भरून बघायचंय. चाळीस रुग्णांतले एकोणचाळीस जण नऊवरून फार तर आठवर आले, काही तर दहावर गेले. आणि तुम्ही नऊवरून थेट शून्य. आलेखात तुमची रेघ दरीत उडी मारल्यासारखी दिसते. परवा परिषदेत पहिलं चित्र तुमचंच आहे.

वहीवाली : सर, ती रेघ काढून टाकावी लागेल.

डॉक्टर : का? रंग नीट दिसत नाही का?

वहीवाली : काकू पंधराव्या दिवशी वारल्या. पुढची शून्यं काकांनी भरली आहेत. ऐकायला कोणी नव्हतं म्हणून.

डॉक्टर : वारल्या?

मिस्त्री : तुम्ही पण बसा. ती दुसरी खुर्ची डुगडुगते, भिंतीला टेकवून बसा.

डॉक्टर : माफ करा. मला ठाऊक नव्हतं. मी आलो तो नाचतच आलो.

मिस्त्री : असू द्या. बऱ्याच दिवसांनी मला बघून कोणाला तरी आनंद झाला.

डॉक्टर : म्हणजे तुमचं घोरणं गेलं की राहिलं, हे कोणालाच माहीत नाही.

मिस्त्री : पेन्शनरांची खिडकी रात्री बंद असते.

डॉक्टर : तुमची रेघ काढून टाकली तर आमच्या अभ्यासात आता राहिलं काय? नऊवरून साडेआठ. एवढा फरक उशी बदलूनही पडतो.

मिस्त्री : मी पंधराव्या पानानंतरच तुम्हाला सांगायला हवं होतं, हे कळतंय मला. तुमचं काम बिघडवायचं नव्हतं. एक मागणं आहे, ते मान्य झालं तर बघा. ही वही मला परत हवी.

वहीवाली : वही देता येत नाही काका. नोंदीचा मूळ कागद पंधरा वर्षं त्या लोखंडी कपाटात ठेवायचा असतो. मग नष्ट करतात.

मिस्त्री : पंधरा वर्षांनी मी एक्क्याऐंशीचा होईन. तेव्हा येऊन काय करू, जाळताना बघू?

वहीवाली : पण वही इतके दिवस तुमच्याच घरी होती की.

मिस्त्री : होती. पण त्यातली चौदा पानं तिने पिना मारून बंद केली होती. वर तुमचंच छापलेलं आहे, ‘ऐकणाऱ्याचा शेरा रुग्णाने वाचू नये.’ मी वाचलेला नाही.

डॉक्टर : तीन महिन्यांत एकदाही?

मिस्त्री : वाचू नये असं लिहिलेलं होतं.

वहीवाली : सर, पिना आत्ता मीच काढल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या, एकीलाही धक्का नव्हता.

डॉक्टर : त्यांचा अभ्यास संपलाय. आता ऐकलं तर चालेल. वाचून दाखवा त्यांना.

वहीवाली : पहिलं पान. ‘नऊ. पाणी नसताना चालू ठेवलेल्या पंपासारखा आवाज.’

मिस्त्री : हे माझ्याकडून शिकली.

वहीवाली : चौथं. ‘आठ. व्यायामाचा गुण नाही. भांडण झालं म्हणून पलीकडे तोंड करून झोपले होते.’

मिस्त्री : पंख्यावरून झालं होतं. तिचंच बरोबर होतं, पुढे वाचा.

वहीवाली : नववं. ‘अकरा. वहीत दहापर्यंतच जागा आहे, पण अकरा.’ यावर माझा आणि त्यांचा फोनवर वाद झाला होता. कॉम्प्युटर अकरा घेत नाही, असं मी सांगितलं. तर म्हणाल्या, मग तुमच्या कॉम्प्युटरला एक रात्र आमच्याकडे झोपायला पाठवा.

मिस्त्री : तिने सांगितलं होतं मला, कॉम्प्युटरला गप्प केलं म्हणून. दोन दिवस खूश होती.

वहीवाली : सहावं राहिलं. ‘दहा. हे आज दोनदा मध्येच बंद पडले. मी आकडे मोजले, वीस होईपर्यंत श्वास नाही. कोपर मारल्यावर सुरू.’

डॉक्टर : थांबा. पुन्हा वाचा ते.

वहीवाली : ‘वीस होईपर्यंत श्वास नाही. कोपर मारल्यावर सुरू.’ दहाव्या पानावरही आहे. बाराव्यावर तीनदा.

डॉक्टर : हे फोनवर आपल्याला कळलं नाही?

वहीवाली : फोनवर आपण फक्त आकडा विचारतो, सर.

डॉक्टर : आपण फक्त आकडाच विचारतो. मिस्त्री, हे साधं घोरणं नाही. झोपेत तुमचा श्वास अडतोय. त्या बाईंनी घड्याळाशिवाय रोग पकडला आणि आम्ही आलेख काढत बसलो. दिवसा झोप येते? डोकं जड असतं?

मिस्त्री : येते. मला वाटलं, ती नाही म्हणून.

डॉक्टर : तेही असेल. पण तपासून घ्यायचं. एक रात्र इथे झोपायचं, मशीन श्वास मोजेल.

मिस्त्री : मशीन कोपर मारतं का?

डॉक्टर : नाही, ते नुसती नोंद करतं. कोपराच्या जागी मग दुसरं मशीन देतात, नाकावर बसवायचं. श्वास अडू देत नाही.

मिस्त्री : म्हणजे एका कोपराला दोन मशीनं लागतात.

डॉक्टर : हो, आणि तरी तितकं चांगलं नसतं. येणार ना तुम्ही? मला टाळाटाळ नको आहे.

मिस्त्री : येतो. तिने एवढं मोजलंय तर.

डॉक्टर : मग यांची तारीख आजच लावा. आणि यांना चौदाव्या दिवशी अभ्यासातून बाहेर पडले असं दाखवा. मी जातो, परिषदेचं पहिलं चित्र बदलायचंय. चाळीसऐवजी एकोणचाळीस, आणि दरी नाही. सपाट मैदान.

वहीवाली : काका, चौदावं पान राहिलं.

मिस्त्री : त्या रात्रीनंतर सकाळी ती गेली.

वहीवाली : वाचू?

मिस्त्री : वाचा.

वहीवाली : ‘दोन. आज अगदी शांत होते. म्हणून दोनदा उठून बघितलं, चालू आहेत ना.’

मिस्त्री : पाणी आहे का?

वहीवाली : हे घ्या. झाकण घट्ट आहे, द्या इकडे, मी उघडते. काका, चौदाही पानांची झेरॉक्स मी आत्ता काढून देते. रंगीत काढते.

मिस्त्री : द्या. पण झेरॉक्स गुळगुळीत असते. ती स्क्रू पिळल्यासारखी दाबून लिहायची. पानाच्या मागून हात फिरवला तरी कळायचं की राग आहे का काय. मी तिला म्हणायचो, टेबलावर लिहितेस की कागदावर.

वहीवाली : मूळ पान मला खरंच देता येत नाही हो.

मिस्त्री : मी कुठे भांडतोय? नियम म्हणजे नियम. पिनासुद्धा मीच पाळल्या.

वहीवाली : एक मिनिट. सर काय म्हणाले? चौदाव्या दिवशी बाहेर.

मिस्त्री : हो.

वहीवाली : मग पंधरापासून नव्वदपर्यंत जे आहे, ती अभ्यासाची नोंदच नाही. ऐकणाऱ्याची सही नाही, रुग्ण अभ्यासात नाही. तो नुसता कागद. तो कपाटात ठेवायचा नियम कुठेच नाही.

मिस्त्री : माझी शून्यं घेऊन मी काय करू?

वहीवाली : सगळी नका घेऊ. हे एक घ्या, पंधरावं. मी पट्टी लावून नीट फाडते. हं. आता खिडकीपाशी या आणि तिरकं धरा.

मिस्त्री : या पानावर लिहिताना पेन अडखळत होतं. मला वाटलं, कागद खराब दिलाय तुम्ही.

वहीवाली : कागद चांगला आहे. याच्यावर चौदावं पान होतं. अंगठा फिरवून बघा, वरून तिसऱ्या ओळीत.

मिस्त्री : लागतंय.

वहीवाली : काय लागतंय?

मिस्त्री : ‘चालू आहेत ना.’

वहीवाली : फक्त तुमचं शून्य त्याच्यावर आलंय, काका.

मिस्त्री : असू दे. मी हलक्या हाताने काढलं होतं.