परातीतलं तेल

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. मेकॅनिक त्यांच्या जुन्या गाडीखालून बाहेर आला.

“आजोबा, गळणारं तेल लाल होतं. म्हणजे गिअरबॉक्सचं. इंजिनचं काळं असतं.”

“गेला ना गिअरबॉक्स? तरी मी हिला म्हटलं होतं, विकून टाकू.”

“गेला नाही हो. खालच्या झाकणाचं पॅकिंग फाटलं होतं. नवं बसवलं, तेल भरलं. आता थेंब पडायचा नाही.”

“ऐकलंत? आपल्या दोघांना पुरून उरेल ती.”

“अगं, पण संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय न्यायला. शब्द देऊन बसलो, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही माझ्या.”

“नाही येणार. गाडीखाली मी परात ठेवली होती ना? ती काल तेलासकट त्याच्या घरी नेऊन दाखवली.”